घेऊन जा गे मारबत

आमच्या बिल्डिंगमधे दुसऱ्या माळ्यावर एक सहावीतला पोरगा राहतो. मे महिन्यातली दुपार होती, लाइट गेलेली, कूलर बंद, घरात बसवेना म्हणून मी जिन्यात येऊन बसलो, तिथे जरा वारा लागतो. तर हा आधीच तिथे मोबाइल घेऊन बसलेला. मला पाहून एकदम उठलाच. "काका, तुमच्या गेमचा तिसरा पार्ट आला ना! सांगितलं काहून नाही मले?"

मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला. नाव तेच होतं. अक्षरंही तीच, मी स्वतः महिनाभर बसून काढलेली, तिरकी, जळक्या कडांची. आत मारबत होती, आमच्या नागपूरच्या मिरवणुकीतली ती प्रचंड बाहुली, पण तिला पंख लावलेले होते, डोळ्यांतून लाल उजेड, आणि दर दोन मिनिटांनी जाहिरात. हा गेम मी केलेला नव्हता. मला माहीतही नव्हतं की असा काही गेम आलाय.

"मस्त आहे काका, मी अकराव्या लेव्हलवर पोचलो."

मी "अरे वा" एवढंच म्हणालो आणि मोबाइल परत दिला. इतक्या आनंदाने सांगत होता तो, त्याला काय म्हणणार. वर घरात आलो, लाइट आली होती, कूलरचा आवाज सुरू झाला होता आणि मी बराच वेळ नुसता उभा होतो. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे, आज लिहायला बसलोय.

आधी थोडं मागे जातो.

२००१ चा उन्हाळा, नागपूरच्या महाल भागात मामाचं घर. मामेभावाकडे नवीन कॉम्प्युटर आला होता आणि त्याने बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, एक सीडी आणली होती, वर मार्करने नुसतं 'सोल रीव्हर' लिहिलेलं. लेगसी ऑफ केन मालिकेतला तो दुसरा गेम, १९९९ चा, पण हे मालिका वगैरे आम्हाला काही माहीत नव्हतं. मी तेरा वर्षांचा. त्यात रझिएल नावाचा एक व्हँपायर असतो, त्याच्या मालकाच्या आधी त्याला पंख फुटतात म्हणून मालक, म्हणजे केन, त्या पंखांची हाडं मोडतो आणि त्याला मेलेल्यांच्या तळ्यात फेकून देतो. शेकडो वर्षांनी तो तळातून उठतो, खालचा जबडा नाही, अंगावर मांस जेमतेम, रक्ताऐवजी आत्मे खाऊन जगायचं आणि डोक्यात एकच गोष्ट, केन कुठाय. मला त्यातलं इंग्रजी अर्धंही कळत नव्हतं. पण त्यात एक गोष्ट होती जी मी आजपर्यंत विसरलेलो नाही. रझिएल मेलेल्यांच्या जगात उतरला की समोरची खोली तशीच राहायची पण तुमच्या डोळ्यांदेखत भिंती वाकायच्या, खांब पिळले जायचे, आणि जिथे वाट नव्हती तिथे वाट व्हायची. कुठे लोडिंग नाही, काळा पडदा नाही. तीच खोली, फक्त दुसऱ्या बाजूने. त्या उन्हाळ्यात मामाच्या घराच्या जुन्या जिन्यातून जाताना मला रोज वाटायचं की ह्या भिंतीपण वाकतील.

आणि मग शेवट. रझिएल केनला गाठतो, केन काळाच्या दारातून निघून जातो, हा त्याच्या मागे उडी मारतो, आणि गेम संपतो. म्हणजे संपतच नाही, नुसता थांबतो. आम्हाला वाटलं सीडी खराब आहे. मामेभाऊ भर उन्हात सायकलवर बर्डीला जाऊन सीडी बदलून घेऊन आला, आम्ही सगळा गेम पुन्हा खेळलो, आणि पुन्हा तिथेच थांबला. तो दुकानदाराला खूप बोलला होता म्हणे. खूप वर्षांनी वाचलं तेव्हा कळलं की सीडीचा दोष नव्हताच, गेम करणाऱ्यांकडेच वेळ उरला नव्हता, पुढचा बराच भाग कापून टाकावा लागला आणि जिथवर झालं तिथे शेवट करावा लागला. ते वाचून मला त्या दुकानदाराची आठवण आली आणि मग त्या बनवणाऱ्यांची दया आली. आपलं कापलेलं काम लोक पूर्ण समजून खेळतायत, हे रोज माहीत असणं म्हणजे काय ते तेव्हा मला नुसतं अंदाजाने कळलं होतं.

त्यातली दुसरी गोष्ट आणखी उशिरा कळली. केनचं ते जग मुळात डेनिस डायक आणि त्यांच्या सिलिकॉन नाइट्स ह्या कॅनडातल्या स्टुडिओने उभं केलं होतं, पहिला गेम १९९६ चा, ब्लड ओमेन. पब्लिशर होते क्रिस्टल डायनॅमिक्स. पुढचा भाग कोणी करायचा, हक्क कोणाचे ह्यावरून वाद झाला, कोर्टापर्यंत गेला, आणि शेवटी तडजोड झाली ती अशी की हक्क क्रिस्टलकडे राहिले आणि मूळ कल्पनेचं श्रेय सिलिकॉन नाइट्सला. मग एमी हेनिग ह्यांनी क्रिस्टलमधे सोल रीव्हर केला. म्हणजे जो गेम माझ्या बालपणाचा सगळ्यात मोठा तुकडा आहे तो ज्याचं जग होतं त्याच्या हातातून गेल्यावर दुसऱ्यांनी केलेला होता! हे वाचलं तेव्हा मी कोणाच्या बाजूने उभं राहावं हेच मला समजेना. डायकच्या जागी मी असतो तर त्या गेमकडे बघूही शकलो नसतो. पण तो गेम झालाच नसता तर मी आज जे करतो ते करत नसतो, हेही तितकंच खरं आहे.

ती मालिका पुढे २००३ च्या डिफायन्सवर थांबली. हेनिग दुसरीकडे गेल्या. मधे डेड सन नावाचा एक नवीन भाग सुरू झाला होता तो २०१२ मधे रद्द केला. २०२४ च्या डिसेंबरमधे जुने दोन सोल रीव्हर नव्या रूपात आले तेव्हा मी पहिल्या दिवशी घेतला, रात्री दोनपर्यंत खेळलो, आणि शेवटाला तोच थांबा. मी मामेभावाला फोन केला. तो झोपेत होता. म्हणालो, "भाऊ, सीडी खराब नव्हती." तो दोन सेकंद गप्प राहिला आणि मग एवढ्या जोरात हसला की वहिनी उठल्या.

आता माझ्या गेमबद्दल. त्याचं नाव मी इथे लिहीत नाहीये कारण ते नाव आता माझं नाही.

मी आणि माझा एक मित्र, दोघं आयटी पार्कमधे नोकरीला, वेगवेगळ्या कंपन्यांत. संध्याकाळी टपरीवर चहा पिताना सुरू झालेली गोष्ट. २०१४ ला आम्ही त्याच्या महालातल्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत रोज रात्री बसायला लागलो. तो चित्रं आणि आवाज, मी कोड आणि कथा. परदेशी किल्ले, ड्रॅगन, तलवारी हे सगळं आम्ही आधी करून पाहिलं आणि ते इतकं उसनं वाटत होतं की दोघांनाही लाज वाटली. मग एका रात्री तो म्हणाला, "अबे आपल्याकडे मारबत आहे ना, आपण तिकडे काहून पाहून राहिलो?"

जे नागपूरचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महालातून मारबतीची मिरवणूक निघते. एक काळी मारबत आणि एक पिवळी. बांबूच्या कामट्या, कागद, रंग, माणसांच्या डोक्यांच्या वर झुलणारा प्रचंड चेहरा. काळी मारबत बाकाबाई भोसले इंग्रजांना मिळाल्या त्याच्या निषेधाची असं सांगतात, कोणी पूतना राक्षसीची गोष्ट सांगतात. बरोबर बडगे, म्हणजे पुतळे असतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, त्या त्या वर्षी ज्याचा राग असेल त्याचे. आणि हजारो लोक एकच ओरडत असतात, ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत! मग तिला वस्तीबाहेर नेऊन जाळतात. इंग्रजांच्या काळापासून चालू आहे हे. मी लहान असताना बाबांच्या खांद्यावर बसून पाहायचो, आणि काळीचा चेहरा अगदी माझ्या डोळ्यांसमोरून जायचा कारण खांद्यावर बसल्यामुळे मी बरोबर तिच्या उंचीला यायचो. ती झुलत झुलत माझ्याकडेच येतेय असं वाटायचं. बाबा खालून माझे पाय घट्ट धरायचे.

तर पहिल्या भागात एक पोरगा असतो, रात्रीचं शहर, काळी मारबत मिरवणुकीच्या आधीच जागी होते आणि गल्ल्यांमधून फिरायला लागते. पोराने मशाल घेऊन तिला गांधी गेटच्या बाहेर न्यायचं, त्याचं जुनं नाव जुम्मा दरवाजा तेच आम्ही गेममधे ठेवलं होतं, आणि तिथे जाळायचं. २०१६ ला आला. दुसरा भाग २०१८ ला, त्यात पिवळी. लोकांना सगळ्यात जास्त आवडली ती शेवटची आग. त्या आगीचा शेडर, म्हणजे ती पडद्यावर कशी दिसेल ते ठरवणारा कोड, मी तीन महिने लिहीत होतो, कामट्या कशा आधी वाकतात, कागद कसा कडेने काळा पडत आत जातो, राख वर जाताना मधेच कशी लाल होते. एका खेळणाऱ्याने लिहिलं होतं की ही आग पाहून अंगाला धग लागली. ते वाक्य मी कितीतरी दिवस वाचत होतो.

दुसऱ्या भागासाठी आम्ही एका पब्लिशरबरोबर करार केला. पैसे हवे होते, मित्राचं लग्न ठरलं होतं, आमच्याकडे घराचा हप्ता सुरू झाला होता. करारात होतं की नाव, चिन्हं, पात्रं आणि त्यावरून पुढे जे काही बनेल ते त्यांचं, आणि तिसरा भाग करायचा पहिला मान आमचा, पण ठरलेल्या मुदतीत. आम्ही दोघांनी वाचलं होतं. मुदत भरपूर वाटली होती तेव्हा.

नंतर मित्र हैदराबादला गेला. त्यात त्याचं काही चुकलं नाही, पोरगी झाली होती, चांगली नोकरी मिळाली. तिसऱ्या भागाचे कागद माझ्याकडे होते, नकाशे होते, शेवटही ठरला होता.

आणि मग २०२१ चा एप्रिल आला. नागपुरात तेव्हा होते त्यांना जास्त काही सांगायला नको. बाबांना घेऊन आम्ही तीन ठिकाणी फिरलो, चौथ्या ठिकाणी बेड मिळाला, सहाव्या दिवशी फोन आला. घाटावर नंबर लागला होता. मी लांब उभा होतो, कोणाला जवळ जाऊ देत नव्हते, आणि एकाच वेळी इतक्या चिता की कुठली आपली हे नुसत्या दिशेवरून लक्षात ठेवायचं. मी पाहत होतो आणि मला दिसत होतं की मी ती आग चुकीची लिहिली होती. रंग बरोबर होते, राख बरोबर होती. पण आवाजाचं मला काहीच माहीत नव्हतं. आणि ती किती हळू असते हेही नाही.

त्यानंतर मी ती फाइल उघडू शकलो नाही. दोन वर्षं. पब्लिशरची मेल आली, दोनदा आली, नीट भाषेत आली होती, मी उत्तर दिलं नाही. मुदत संपली. त्यांनी दुसऱ्यांकडून करून घेतला. कागदावर त्यांचं सगळं बरोबर आहे हे मला कळतं, तरी त्या जिन्यातल्या दुपारी जे वाटलं ते वाटलंच.

काळोखाचा गेम करणाऱ्याला काळोख कळतो असं मला वाटायचं. सव्विसाव्या वर्षी मी मरणाबद्दल फार आत्मविश्वासाने लिहीत होतो, तोवर घरात कोणी गेलेलं नव्हतं, आजी-आजोबा माझ्या जन्माआधीच गेलेले. आता तेच पुन्हा लिहायला बसलो की प्रत्येक वाक्य खोटं वाटायचं. मी राक्षस बदलून पाहिले, शहर बदलून पाहिलं, मारबतीच्या जागी तिसरीच कोणी आणून पाहिली. कुठूनही सुरू केलं तरी शेवटी जाळणं यायचं, आणि तिथे मी उठून जायचो. आई दारात येऊन विचारायची, "झालं काय रे तुझं काम?" आणि मी म्हणायचो, चालू आहे.

ह्या काळात मी कोजी इगाराशींबद्दल खूप वाचलं. कॅसलव्हेनिया ह्या गेम मालिकेचे ते. १९९७ चा सिम्फनी ऑफ द नाइट ज्यांनी केला त्यातले एक, आणि मग कितीतरी वर्षं ती मालिका त्यांनीच चालवली. नंतर त्यांच्या कंपनीला, कोनामीला, तसे गेम करण्यात रस उरला नाही. २०१४ च्या मार्चमधे ते बाहेर पडले, नाव अर्थातच कंपनीकडे. इतक्या पब्लिशरांकडे गेले आणि सगळीकडून तेच उत्तर, असे गेम आता कोणाला नको आहेत. मग २०१५ च्या मेमधे किकस्टार्टर ह्या वर्गणीच्या वेबसाइटवर लोकांकडेच मागितले, ५ लाख डॉलर, मोठा वाटा गुंतवणूकदार देणार होते पण आधी लोकांना हवाय हे दाखवा म्हणाले होते. मिळाले ५५ लाखांवर, जवळपास ६५ हजार लोकांकडून. गेमचं नाव ब्लडस्टेन्ड, किल्ला होता, चाबूक होता, मिचिरु यामानेंचं संगीत होतं, फक्त जुनं नाव नव्हतं. २०१७ ला येणार होता तो २०१९ च्या जूनमधे आला. मधे लोकांनी चित्रांना भयंकर नावं ठेवली, गेम प्लास्टिकचा दिसतो म्हणाले, तर त्यांनी ती टीका ट्रेलरमधेच दाखवली आणि त्यापुढे सुधारलेली दृश्यं ठेवली. पन्नाशीतला माणूस, इतकी वर्षं एकच प्रकारचा किल्ला बांधत आलेला, आणि लोक नावं ठेवतायत तर गप्प बसून पुन्हा भिंती रंगवतोय. मला ह्याचं फार बळ आलं. नाव गेलं तर गेलं, हात तर आपलेच आहेत, असं म्हणून मी त्या आठवड्यात नवीन फोल्डर केलं, गोडो ह्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधे पहिल्यापासून सुरुवात केली.

आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच येऊन थांबलो, आगीपाशी. तेव्हा कळलं की नाव हा माझा खरा अडथळा नव्हताच. इगाराशींना आपला किल्ला अजून हवा होता. मला माझी आग नको झाली होती.

जो दुसरा माणूस मला उपयोगी पडला तो योको तारो. मुखवटा घालून मुलाखती देतात ते जपानी गेम दिग्दर्शक. त्यांचा ड्रॅकेनगार्ड हा गेम २००३ चा. तलवारीने शेकडो माणसं कापत जायची, पण नायकासकट सगळेच कुठे ना कुठे वेडे, कारण त्यांना प्रश्न पडला होता की शंभर जणांना मारून जो आनंदी होतो तो माणूस शहाणा कसा असेल. दुसऱ्या भागाचं दिग्दर्शन दुसऱ्याने केलं. मग २०१० ला त्यांनी नीअर केला, आणि तो निघतो कुठून, तर पहिल्या गेमच्या पाच शेवटांपैकी सगळ्यात विचित्र शेवटातून, ज्यात ड्रॅगन थेट टोकियोवर येऊन पडतो. त्या ड्रॅगनमुळे आलेल्या रोगाने माणसं संपायला लागतात आणि तिथून नवी गोष्ट. पण प्रश्न बदललेला होता. अमेरिकेवरचा ११ सप्टेंबरचा हल्ला आणि त्यानंतरची युद्धं पाहून त्यांना वाटायला लागलं की मारायला वेडं असावं लागत नाही, आपण बरोबर आहोत एवढी खात्री पुरते. त्याच सुमारास त्यांचा केव्हिया स्टुडिओ गुंडाळला गेला. माणूस फ्रीलान्सर झाला, पुढचे गेम दुसऱ्याच स्टुडिओंमधून केले, २०१७ चा नीअर ऑटोमाटा तर प्लॅटिनमगेम्सबरोबर, आणि तोवर जगभर लोक त्यांना ओळखायला लागले. नीअरमधे शेवटच्या शेवटाला तुमची सगळी सेव्ह फाइल, म्हणजे तोवर खेळलेलं सगळं, पुसली जाते, तुम्ही एका मुलीला वाचवता आणि त्या बदल्यात तुमचं असणंच खोडलं जातं. ऑटोमाटामधे पुन्हा सेव्ह फाइल द्यायची असते, पण ह्यावेळी कुठल्यातरी अनोळखी खेळणाऱ्याच्या मदतीसाठी, जो अडकलाय. मी ती दिली. ऐंशी तासांची होती. देताना हात थरथरत होता.

हे सगळं मी आधीही खेळलो होतो, वाचलं होतं. पण बाबा गेल्यावर पुन्हा पाहिलं तेव्हा दिसलं की हा माणूस मालिका पुढे नेतो म्हणजे आधीच्या भागाला जो प्रश्न विचारला तो सोडून देतो. मी तर जुनाच प्रश्न घेऊन बसलो होतो, ह्या राक्षसाला गावाबाहेर कसं न्यायचं आणि कसं जाळायचं.

मागच्या तान्ह्या पोळ्याला मी त्या खालच्या पोराला घेऊन मारबत पाहायला गेलो. त्याची आई म्हणाली, गर्दीत सोडू नका हात. आईलाही म्हटलं चल, तर ती म्हणाली मी टीव्हीवर पाहीन. इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोराला खांद्यावर घेतलं, जड होता, सहावीतला म्हणजे आता घ्यायचं वय नाहीच, पण त्याला काही दिसेना. त्याचे पाय घट्ट धरले आणि मग काळी आली झुलत. मला खालून तिचा चेहरा दिसतच नव्हता. मला दिसत होते तिला ओढणारे लोक. घामाने भिजलेले, गळे बसलेले, एकाच्या तळहाताला फडकं गुंडाळलेलं. आजपर्यंत मी त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

घरी आल्यावर आईने पाणी दिलं आणि ती तिच्या गावचं सांगायला लागली, उमरेडकडचं. तिथे एवढी मोठी मारबत नसायची, पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून ओरडत ओरडत शिवेबाहेर टाकून यायच्या, खांसी खोकला घेऊन जा गे मारबत. मी म्हटलं, "आई, तुला भीती नव्हती वाटत तिची?"

"तिची कायची भीती बाप्पा," आई म्हणाली. "तिचं काय असते त्यात? आपलंच तर सारं नेऊन राहिली ते. बिचारी." मग थोडं थांबून म्हणाली, "यंदा मी पण म्हटलं, टीव्हीसमोर. घेऊन जा गे म्हटलं." आणि आत भाजी परतायला गेली.

मी तिथेच बसून राहिलो. दोन भाग मी तिला राक्षस केलं होतं. दोन भाग लोकांनी तिला माझ्या हाताने जाळलं होतं.

त्यानंतर चार महिन्यांत जे केलं ते आधीच्या चार वर्षांत झालं नव्हतं. मित्राला हैदराबादला फोन केला, तो रात्री पोरगी झोपल्यावर चित्रं पाठवायला लागला. नवीन गेममधे मशाल नाही. तुम्हीच मारबत. तुम्हाला स्वतःचा चेहरा दिसत नाही, फक्त सावली दिसते भिंतींवर. गल्लीतून जायचं, दारं उघडतात, कोणी खोकला देतं, कोणी कर्ज, कोणी मेलेल्या बाळाचं झबलं, आणि प्रत्येक दारानंतर तुमची सावली वाढते आणि चाल हळू होते. इतकी हळू की सुरुवातीला मित्र म्हणाला लोक कंटाळतील बे. मी वेग वाढवला नाही. सगळं घेऊन जुम्मा दरवाज्यापर्यंत जायचं. दरवाज्यापलीकडे काय आहे ते अजून लिहिलेलं नाही. नावही ठरलेलं नाही, आणि ठरलं की ह्यावेळी ते आम्हा दोघांच्या नावावर नोंदवून मगच कोणाला दाखवायचं असं ठरलंय.

मागच्या रविवारी त्या पोराला खेळायला दिला. पब्लिशरचा तो पंखवाला गेम त्याने केव्हाच पूर्ण केलाय आणि त्याला तो अजूनही आवडतो, मी त्याबद्दल काही बोलत नाही, बोलावंसंही आता वाटत नाही. जिन्यातच बसलो होतो. तो एकेका दारापाशी थांबत चालला होता, काही न बोलता, जे त्याच्या स्वभावात नाही. दरवाज्यापर्यंत पोचला. मला वाटलं आता विचारेल पुढे काय. तर तो उलटा फिरला आणि तेवढ्याच हळू चालीने पूर्ण गल्ली मागे यायला लागला.

"काय झालं?"

"एक घर राहिलं काका. हे दार उघडतच नाही."

मोबाइल पुढे केला त्याने. गच्चीची खोली असलेलं, हिरव्या दाराचं घर. मित्राने आमच्याच जुन्या घराच्या फोटोवरून काढलेलं होतं ते, मी नुसतं गल्लीत एक जागा भरायला म्हणून ठेवलं होतं. म्हणजे तेव्हा मला तसंच वाटलं होतं.

रात्री लॅपटॉप उघडून पाहिलं. बाकी सगळ्या घरांना स्क्रिप्ट जोडलेली होती, ह्या एकाला जोडलेलीच नव्हती. जोडली. आत काय द्यायचं ते लिहायला पहाटेचे तीन वाजले. मग दाराचा आवाज हवा होता, साठवलेले आवाज लावून पाहिले, एकही बसेना, म्हणून मोबाइल घेऊन आमच्या पुढच्या दारापाशी गेलो आणि कडी हळूच काढून दार उघडलं, रेकॉर्ड केलं. दोनदा केलं. दुसऱ्या रेकॉर्डिंगमधे कडीच्या आवाजानंतर आतल्या खोलीतून आईचा झोपेतला आवाज आलाय, "कोण आलं रे?"

तो मी कापलेला नाही.